एका माणसाची किती नावं

बाबांच्या रिटायरमेंटच्या जेवणाला किती माणसं येणार, या आईच्या एका प्रश्नापासून हे सगळं सुरू झालं. भिलाईतल्या सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमध्ये आईचा प्रश्न म्हणजे नुसता प्रश्न नसायचा. तो सकाळी पोह्यांबरोबर यायचा, दुपारी कपडे वाळत घालताना यायचा आणि उत्तर मिळेपर्यंत भाकरीच्या पिठात मीठ जास्त पडायचं. बाबा स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये, कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होते. आयुष्यभर भट्ट्यांच्या आवाजात बोलल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसे. ते काही विचारायला लागले की शेजारचे साहू काका आपल्या अंगणातून उत्तर द्यायचे. मी त्या दोघांची उशिरा झालेली एकुलती मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. घरातलं काही मोजायचं, लिहायचं किंवा इंग्रजीत वाचायचं असलं की ते काम माझ्याकडे येत असे.

बाबांनी आठ दिवस बसून यादी केली होती. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजूला, एकाखाली एक, शहाण्णव नावं. नावं म्हणजे कशी? पहेलवान, डॉक्टर, लाल मिरची, बारा नंबर, ट्रान्झिस्टर, मुनशी, हवाबाज. मधूनच एखादा रामटेके किंवा वर्मा. प्लांटमध्ये खऱ्या नावाला कोणी विचारत नसे. ते नाव पगाराच्या कागदावर असायचं आणि तिथंच राहायचं.

"शहाण्णव माणसं?" आई म्हणाली. "आन् एवढे मांडे कोण करन?"

"शहाण्णव नाई होत," बाबा म्हणाले. "यातले काही दोन दोन डाव आले. पहेलवान आन् बारा नंबर एकच हाये."

"मंग दोनदा कावून लिहिलं?"

"मले आठवण आली तेव्हा लिहिलं. एकदा पहेलवान आठवला, एकदा बारा नंबर आठवला."

आईने कपाळाला हात लावला आणि यादी माझ्यासमोर टाकली. "पोरी, तूच पाह्य. मले फक्त आकडा पायजे."

आमचा कॉम्प्युटर सुपेला बाजारातल्या एका दुकानातून जोडून आणलेला होता. पुढच्या खोलीत खिडकीखाली असायचा. आईने त्याच्यावर क्रोशाचं झाकण विणलं होतं, मॉनिटरला वेगळं आणि कीबोर्डला वेगळं. ते काढून नीट घडी घातल्याशिवाय मला बटण दाबायची परवानगी नव्हती. कॉलेजात तेव्हा शेवटच्या प्रोजेक्टची धावपळ चालली होती. सगळा वर्ग हॉस्पिटल मॅनेजमेंट किंवा लायब्ररी मॅनेजमेंट करत होता आणि त्यातले निम्मे मागच्या वर्षीच्या सीडीवरून. मी एक नवीन वेब फ्रेमवर्क शिकत होते आणि त्यात काय बनवावं हे मला सुचत नव्हतं. बाबांची यादी पाहून मला वाटलं, एक दिवसाचं काम आहे. माणसांचं टेबल करायचं, त्यात नाव, टोपणनाव, दुसरं टोपणनाव, तिसरं टोपणनाव असे चार रकाने. झालं.

एक दिवस काय, एक तासही ते टिकलं नाही. बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि पहिल्याच माणसाची सहा नावं निघाली. भट्टीवर एक, कँटीनमध्ये एक, संपाच्या वेळी पडलेलं एक, सासरवाडीकडून आलेलं एक. मी रकाने वाढवून सात केले, तर पुढच्या माणसाचं एकच नाव आणि सहा रकाने रिकामे. त्याच्या पुढच्याची आठ. प्रत्येक वेळी टेबल मोडायचं, परत बांधायचं. बाबा मला नावं सांगता सांगता हसत होते आणि मला रडू येत होतं.

आई तेव्हा जमिनीवर बसून बाबांचे रिटायरमेंटचे फॉर्म भरत होती. तिचं अक्षर आमच्या घरात सगळ्यात चांगलं होतं. ती मान वर न करता म्हणाली, "या फॉर्मवर पोरांची नावं लिहाले तीनच ओळी दिल्या. आमाले एकच पोट्टी, आमचं जमलं. समोरच्या बाईले पाच लेकरं, तिनं खाली कागद चिकटवला होता."

"तेच होऊन राहिलं माझं," मी म्हणाले.

"मंग बापाच्या कागदावर कावून लिहितं? लेकराच्या शाळेच्या फॉर्मवर बापाच्या नावाची एकच ओळ असते. पाच असो का दहा, ती ओळ कोणाले कधी कमी पडली का?"

मी कीबोर्डवरून हात काढला. एक-ते-अनेक संबंध मी दोन परीक्षांना पाठ करून लिहिला होता. एक विभाग, अनेक कर्मचारी, फॉरेन की, म्हणजे 'कोणाचा' ते सांगणारा रकाना, अनेकांच्या बाजूला. त्याचे मला पूर्ण मार्क मिळाले होते आणि त्यातलं एक अक्षर कळलं नव्हतं. आता कळलं. माणसाने आपली नावं सांभाळत बसायची नाहीत. प्रत्येक नावानेच सांगायचं की मी कोणाचं. आज माझ्या हाताखाली नवी मुलं कामाला लागतात. त्यांना हे समजावून सांगताना मी आधी फळ्यावर आकृती काढत नाही, शाळेचा फॉर्म आठवायला लावते. ते कुठून आलं, हे मात्र मी त्यांना सांगत नाही.

मी सगळं पुसून नव्याने बांधलं. एक टेबल माणसांचं, एक नावांचं. नावाच्या प्रत्येक ओळीत ते नाव, ते कुठं पडलं, का पडलं आणि ते कोणाचं. "का पडलं" हा रकाना बाबांच्या हट्टामुळे आला. ते म्हणाले, कारणाशिवाय नाव सांगायचं म्हणजे भाजी दाखवून वाढायची नाही. मग मी ते पानावर दाखवायला गेले, तर पहिल्यांदा उघडल्यावर ओळीने इंग्रजीत आलं: माणूस ऑब्जेक्ट एक, माणूस ऑब्जेक्ट दोन, माणूस ऑब्जेक्ट तीन. बाबांनी चष्मा पुसून वाचलं. "चाळीस वर्षं नोकरी केली आन् शेवटी ऑब्जेक्ट?" ते म्हणाले. नाव दाखवायचं कसं, हे मी मॉडेलला सांगायलाच विसरले होते. ते दुरुस्त केलं, तर दुसरा घोटाळा. आतल्या लूपमध्ये 'या माणसाची नावं' म्हणायच्या जागी मी नुसतं 'नावं' म्हटलं होतं. त्यामुळे प्रत्येक माणसाखाली सगळीच्या सगळी नावं उतरली. पहेलवान लाल मिरची होता, लाल मिरची डॉक्टर होता, रामटेके काका एकटेच नव्वद जण होते. बाबा इतके हसले की साहू काका भिंतीवरून डोकावले आणि थेट आत आले.

त्यानंतर आमचं घर आमचं राहिलं नाही. साहू काका प्लांटच्याच रेल मिलमध्ये, रूळ बनवायच्या विभागात होते. बाबांच्या जेवणाशी त्यांच्या मिलच्या माणसांचा काही संबंध नव्हता, तरी त्यांनी तीही टाकायला लावली. "बेटा, हमारे मिल के भी डाल दो, कोई खाने थोड़ी आ रहे हैं," ते म्हणायचे आणि बाबांच्या बाजूला वेताचा मोढा टाकून बसायचे. पहिल्या पाळीहून सुटलेली माणसं आता वाटेत आमच्याकडे थांबायची. आई परातभर आलूपोहा करायची, चहाचं पातेलं उतरतच नसे. मी मधोमध बसून टाइप करायची. एकाने नाव सांगितलं की दुसरा म्हणायचा, "ते कारण नाई त्याचं, खरं कारण मी सांगतो." कोळशाच्या धुळीने कायमचं काजळ घातल्यासारख्या दिसणाऱ्या डोळ्यांची ती माणसं, शाळेतल्या मुलांसारखी एकमेकांचं तोंड बंद करायची. मी इतके पुरुष इतकं हसताना एका खोलीत त्यानंतर कधी पाहिले नाहीत.

पण यादीत पहिल्या ओळीवर एक नाव होतं आणि त्याच्याजवळ आलं की बाबा ते सोडून पुढच्या नावावर जायचे. मामा. त्या माणसाचं खरं नाव बाबांना माहीत नव्हतं. माझा फॉर्म खऱ्या नावाशिवाय पुढे जाईना, म्हणून एका माणसासाठी मी तो नियम सगळ्यांनाच सैल केला.

मामाची गोष्ट आईने लग्न झाल्यापासून ऐकली होती, मी अर्धीमुर्धी. त्या दुपारी बाबांनी ती मला पूर्ण सांगितली, टाइप कर म्हणाले. भंडारा जिल्ह्यातल्या गावातून ते वीस वर्षांचे असताना इथं आले. कामगारांच्या कॅम्पमध्ये चौघांत एक खोली मिळाली. पहिल्याच आठवड्यात भट्टीच्या तोंडाशी उभं राहून आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून रडत बसले. खोलीतल्या एका छत्तीसगढी माणसाने आपला टिफिन उघडला, झाकणावर एक घास वेगळा काढून खिडकीत ठेवला आणि उरलेल्यातलं अर्धं बाबांपुढे सरकवलं. मग वाकून बाबांच्या पायाला हात लावला. इकडे भाच्याच्या पाया मामा पडतो, ही रीत बाबांना ठाऊक नव्हती. तो माणूस सगळ्याच नव्या पोरांना भाँचा म्हणायचा, म्हणून तो सगळ्यांचा मामा.

"आमच्या गावात," बाबा म्हणाले, "मले कोणी हापशीले हात लावू देत नव्हतं. आन् हा माह्याहून मोठा माणूस, मले न विचारता, माह्या पायाले हात लावून राहिला. मी उठून पळालोच पहिल्यांदा. मले वाटलं, याले माहीत नसन मी कोण. मंग दुसऱ्या दिवशी सांगतलं त्याले, मी बौद्ध, आमच्या गावात असं असं. तो म्हणे, त भाँचा नाई का?"

दोन वर्षं ते एकत्र राहिले. मग मामाची बायको आजारी पडली, तो लांब सुट्टीवर गावाला गेला. परत आला तेव्हा त्याची दुसऱ्या विभागात बदली झाली होती आणि बाबांना लग्नानंतर क्वार्टर मिळालं होतं. तेव्हा कोणाकडे फोन नव्हता. बाबांनी शोध केला, पण प्लांटमध्ये मामा विचारला तर प्रत्येक विभागात एक एक मामा निघायचा. शोधायचं कोणाला?

"त्याच्याशिवाय बाकी सगळे येतीन," बाबा म्हणाले, "आन् तो नाई." एवढंच बोलून ते बागेला पाणी द्यायला गेले.

प्रोजेक्टचं कॉलेजात सांगितलं तेव्हा सरांनी विचारलं, नावांचं रजिस्टर, हे काय प्रोजेक्ट झालं? मी म्हटलं, सर, एकदा पाहा तरी. ते म्हणाले, आधी पूर्ण कर. जेवणाला तेव्हा दहा दिवस राहिले होते.

त्या रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात पाटोडीचं बेसन घोटत होती. शुद्धलेखन तपासायचं म्हणून मी पानाचा प्रिंट घेऊन दारात बसले होते आणि तिला मोठ्याने वाचून दाखवत होते. कोक ओव्हन संपलं, साहू काकांची रेल मिल आली. मिलच्या लोकांची मला ओळख नव्हती, त्यामुळे मी भराभर वाचत होते. एका माणसाचं खरं नाव साहू काकांनाही आठवलं नव्हतं, त्याच्याखाली एकच नाव होतं. गिलहरी. कारण: टिफिनच्या झाकणावर एक घास काढून ठेवायचा, खारीसाठी. मी पुढच्यावर गेले.

"थांब," आई म्हणाली. बेसनात पळी तशीच राहिली. "परत वाच व."

मी परत वाचलं. मग आम्हा दोघींना कॅम्पच्या खिडकीतला तो घास आठवला. बेसन तळाला लागल्याचा वास आला तेव्हा तिने कढई उतरवली, हात न धुताच भिंतीपाशी गेली आणि हाक मारली, "साहू भाऊ, तुमचा गिलहरी सगळ्यांले काय म्हणत होता?"

साहू काका दात घासत होते. "सबको भाँचा बोलते थे," ते म्हणाले. "पाँव पड़ने दौड़ते थे, हम लोग भागते थे. क्यों भाभी?"

बाबांना बोलावण्याआधी मी कॉम्प्युटरवर बसले. ते आधी का केलं, मला आजही सांगता येत नाही. कदाचित ते खरं आहे हे मला पडद्यावर पाहायचं होतं. मामा एक माणूस होता, गिलहरी दुसरा. आधी गिलहरी या नावाचा मालक बदलायचा, त्याला मामाखाली आणायचं, मगच तो रिकामा उरलेला दुसरा माणूस पुसायचा. उलट केलं तर माणसाबरोबर त्याचं नावही गेलं असतं, मीच तशी अट लिहिली होती. म्हणून मी प्रत्येक पायरी दोनदा तपासून दाबली. पान परत उघडलं. मामा, आणि त्याच्याखाली दोन नावं. कोक ओव्हन, रेल मिल.

बाबा मागे येऊन उभे होते ते मला कळलं नव्हतं. त्यांनी बराच वेळ वाचलं.

"हा दुसरा कोठी गेला?" त्यांनी विचारलं.

"दुसरा नव्हताच, बाबा."

साहू काकांनी सांगितलं की गिलहरी रिटायर होऊन तीन वर्षं झाली, मुलाने स्मृति नगरमध्ये घर बांधलं, तिथं असतात. स्मृति नगर. आमच्या घरून स्कूटरवर एवढंसं अंतर. माझी एक मैत्रीण तिथंच राहायची, मी त्या गल्लीतून कितीतरी वेळा गेले होते. बाबांनी अंघोळ झालेली असताना परत अंघोळ केली. आईने इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि लागलेलं बाजूला काढून उरलेल्या बेसनाची पाटोडी डब्यात भरली. स्कूटर मी चालवली.

फाटकापाशी पोचल्यावर ते बेल दाबेनात. "झोपले असतीन," म्हणाले. सकाळचे अकरा वाजले होते. आत बनियान घातलेला एक बारीक म्हातारा पपईच्या झाडाखालचा पाला गोळा करत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, मला पाहिलं, स्कूटर पाहिली, परत पाल्याकडे वळला. त्याने ओळखलं नव्हतं. ओळखणार कसं, बाबांचे केस गेले होते, पोट आलं होतं, चष्मा होता.

"मामा," बाबा म्हणाले. त्यांच्या त्या भट्टीवरच्या आवाजात. शेजारच्या घरातून दोन माणसं बाहेर आली.

म्हाताऱ्याच्या हातातला पाला खाली पडला. तो फाटकापर्यंत आला, गजांतून बाबांचं तोंड निरखलं आणि अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाला, "कहाँ रहे अतेक दिन, भाँचा?" मग फाटक उघडलं आणि लगेच वाकायला लागला. बाबांनी त्यांना मध्येच धरलं. ते खाली वाकत होते, बाबा वर ओढत होते, आणि दोघेही त्या झटापटीत हसायला लागले. मी पाटोडीचा डबा हातात घेऊन उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मीही हसत होते. आत गेल्यावर मी त्यांना खरं नाव विचारलं. बिसाहू राम, ते म्हणाले, आणि असं विचारणारी कोण ही, म्हणून माझ्याकडे पाहिलं.

जेवणाला बावन्न माणसं झाली. हा आकडा मी आईला दोन दिवस आधी दिला होता आणि तो बरोबर निघाला. दुपारी मांडव घातला, मागे चूल मांडून आई आणि विहारातल्या चार बायकांनी उलट्या मडक्यावर मांडे केले, रस्सा मोठ्या गंजात होता. कॉम्प्युटर आम्ही उचलून ओसरीत टेबलावर ठेवला होता आणि जेवण सोडून माणसं त्याच्यासमोर रांग लावून उभी होती. प्रत्येकाला आपल्याखाली काय लिहिलंय ते पाहायचं होतं. काहींनी भांडून कारणं बदलून घेतली. पहेलवानने एक नाव काढून टाक म्हणून माझी मनधरणी केली, कारण त्याची सून आली होती.

मामा शेवटी आले. त्यांना स्वतःचं वाचण्यात फार रस नव्हता. "भाँचा कहाँ हे?" त्यांनी विचारलं. मी बाबांचं नाव काढून दाखवलं. त्याच्याखाली काहीच नव्हतं. सगळ्यांची नावं सांगताना बाबांनी स्वतःचं एकही सांगितलं नव्हतं आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मामा माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "लिख, नोनी. रोवना."

त्यांच्या बोलीत नोनी म्हणजे पोरी आणि रोवना म्हणजे रडका. मी लिहिलं. कुठं पडलं: कॅम्प. का पडलं, ते मामांनी ओसरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, साभिनय, भिंतीकडे तोंड करून. बावन्न माणसांचं हसणं त्या क्वार्टरला पेलेना. बाबा हातात पाण्याचा जग घेऊन उभे होते. ते म्हणाले, "पोरी, हे पुसता येते ना?"

"येते," मी म्हटलं.

"मंग पुस."

"नाई पुसत."

आई मागच्या दारात पदराने तोंड झाकून हसत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मामांकडे, आणि मग तेच सगळ्यात मोठ्याने हसले.

प्रोजेक्ट मी तसंच कॉलेजात दाखवलं. सरांनी पाच मिनिटं बघू म्हटलं होतं. नंतर ते एका माणसाचं कारण वाचत, मग दुसऱ्याचं, असे तास संपेपर्यंत बसले आणि शेवटी म्हणाले, यात शिक्षकांचाही एक विभाग जोडता येईल का? त्याच कामावर मला पहिली नोकरी मिळाली आणि भिलाई सुटली. तो कॉम्प्युटर गेला, ते फ्रेमवर्क आता कोणी तसं वापरत नाही. पण ते सगळं पुढचं. मला सगळ्यात जास्त आठवते ती जेवणाच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. बाबांचा कामावर न जाण्याचा पहिला दिवस होता. आई आणि मी मनातून घाबरलो होतो, की आता हे दिवसभर काय करतील. उठून पाहते तर त्यांनी कॉम्प्युटर परत खिडकीखाली नेऊन ठेवला होता, क्रोशाची दोन्ही झाकणं काढून घडी घातली होती, शेजारी दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि एक कोरी वही. रेल मिलची कितीतरी नावं अजून राहिली होती. मामा दहा वाजता येणार होते.

नऊलाच आले.